पासबुकातली ४३६ रुपयांची ओळ: जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचा दावा कसा करायचा

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर कधीतरी कागदांची पिशवी निघते. रेशनकार्ड, आधार, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या आणि तळाशी पासबुक. त्या पासबुकाकडे शिल्लक बघण्यापुरतं पाहू नका. बँकेत नेऊन ते अद्ययावत छापून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी एकेक करून वाचा. ४३६ रुपये नावे पडलेले दिसले तर तो माणूस प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत होता. २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा योजनेत. या दोन ओळींमागे प्रत्येकी २ लाखांचा विमा असतो. बहुतेक घरांना त्याचा पत्ताच नसतो, कारण सही घेतली गेली ती खातं उघडताना किंवा पीककर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, ‘इथे, इथे आणि इथे’ असं म्हणत.

देशातला विमा वाढतोय म्हणतात तो बराचसा असा वाढलाय. ९ मे २०१५ रोजी या योजना सुरू झाल्या आणि पहिल्या दहा वर्षांत जीवन ज्योतीची एकूण नोंदणी २३ कोटींच्या पुढे, तर सुरक्षा विम्याची ५१ कोटींच्या घरात गेली. याच काळात सकल देशांतर्गत उत्पादनाशी देशातल्या एकूण विमा हप्त्यांचं प्रमाण मात्र २०२१-२२ मधल्या ४.२ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.७ टक्क्यांवर आलं. डोकी मोजली तर बाजार फुगलाय, रुपये मोजले तर नाही. नोंदणीचं उद्दिष्ट शाखेला असतं. दावा मिळवून देण्याचं उद्दिष्ट असलेला साहेब मी अजून पाहिलेला नाही.

पात्रता थोडक्यात अशी. जीवन ज्योतीत १८ ते ५० वयात नाव घालता येतं आणि दरवर्षी हप्ता भरत राहिलं तर ५५ पर्यंत संरक्षण मिळतं. मृत्यू कोणत्याही कारणाने होवो, २ लाख. सुरक्षा विम्यात वय १८ ते ७०, पण फक्त अपघात. मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय, नाहीतर एक डोळा आणि एक हात किंवा पाय कायमचा गेला तर २ लाख. एकच डोळा किंवा एकच हात वा पाय गेला तर १ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मृत्यू अपघाती असेल आणि पासबुकात दोन्ही ओळी असतील, तर दोन्ही दावे करायचे, मिळून ४ लाख. बँकेत एकच अर्ज पुढे सरकवला तर दुसरा मागून घ्या. दोन बँकांतून हप्ता कापला जात असेल तर मात्र त्याच योजनेचे दुप्पट पैसे मिळत नाहीत. एकच दावा मंजूर होतो आणि दुसरा हप्ता गेला तो गेला.

आता लोक अडकतात कुठे, ते.

पहिली अडचण तारखेची. ३१ मेच्या सुमारास खात्यात ४३६ रुपये नसतील तर विमा बंद पडतो. नंतर कधीतरी मजुरी जमा झाली, बँकेने सप्टेंबरात हप्ता कापला, घरच्यांना वाटलं विमा चालूच आहे. पण ती नव्याने नोंदणी धरली जाते. नव्या नोंदणीला पहिले ३० दिवस संरक्षण नसतं, अपघाती मृत्यूचा अपवाद सोडून. म्हणून पासबुकात फक्त रक्कम वाचू नका, तारीखही वाचा. रकमेवरूनही अंदाज येतो: पूर्ण ४३६ जून ते ऑगस्टमध्ये सामील होणाऱ्याला, सप्टेंबर ते नोव्हेंबरात ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८ आणि मार्च ते मेमध्ये ११४. पासबुकात ३४२ दिसले, तर त्या वर्षीचा विमा जूनपासून नव्हता, हे दावा लिहिण्याआधीच समजून घ्या. सुरक्षा विम्याचे २० रुपये कधीही भरले तरी २०च.

वयाचंही असंच. ५५ मोजताना जवळचा वाढदिवस धरतात, म्हणजे साडेचौपन्न उलटली की कागदावर पंचावन्न. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून अशी ठोकून दिलेली असते, ती खरी नाही हे गावाला माहीत असतं, पण विमा कंपनी आधारच वाचते.

‘तीस दिवसांत दावा केला नाही, आता काही मिळत नाही’ असं काउंटरवरून सांगून परत पाठवलेली माणसं मी दर दोन-चार महिन्यांनी पाहतो. नियमात तीस दिवसांचा उल्लेख आहे, पण ‘शक्यतो’ या शब्दासह. हा एक शब्द काउंटरवर पोहोचेपर्यंत गळून पडतो. उशिराचं खरं कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून यांत्रिकपणे दावा नाकारू नका, असं विमा नियामकाने २०११ सालीच सगळ्या कंपन्यांना बजावलंय. अर्जासोबत उशीर का झाला याचं चार ओळींचं साधं पत्र जोडा: मृत्यू कधी झाला, विमा असल्याचं कधी कळलं, कसं कळलं. तोंडी सांगितलेलं कुणी लिहून घेत नाही.

जायचं कुठे, तर बँकेच्या त्याच शाखेत जिथून हप्ता कापला गेला. लोक थेट विमा कंपनीच्या कचेरीत जातात आणि दिवसभर बसून परत येतात. त्या योजनेचा समूह विमा बँकेच्या नावावर असतो, त्यामुळे कंपनीकडे तुमच्या माणसाचं नाव बँकेमार्फतच पोहोचतं. दाव्याचा नमुना जनसुरक्षाच्या सरकारी संकेतस्थळावर मराठीतही आहे. ‘फॉर्म संपलेत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, छापून न्या. सोबत मृत्यूचा दाखला, वारसदार (नॉमिनी) म्हणून नाव लावलेल्या व्यक्तीचं आधार आणि तिच्या पासबुकाचं पहिलं पान. जीवन ज्योतीसाठी सहसा एवढंच लागतं. कुणी जास्तीचं मागितलं तर ते कागदावर लिहून मागा.

मृत्यूचा दाखला मृत्यू झाला तिथेच मिळतो, माणूस राहत होता तिथे नाही. शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर गावच्या ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालून उपयोग नाही, ती नोंद महापालिकेकडे. २१ दिवसांत नोंद झाली तर सगळं सरळ. वर्ष उलटून गेलं तर जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. घरी झालेल्या मृत्यूंमध्ये हे नेहमी राहून जातं. दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून नाव वाचा. एका बाईंच्या नवऱ्याचं नाव बँकेत ‘ज्ञानदेव’ होतं, दाखल्यावर ‘ज्ञानोबा’. दोन्ही नावांची एकच व्यक्ती हे सांगणारं प्रतिज्ञापत्र, मग दुरुस्तीचा अर्ज, मग पुन्हा बँक, यात त्यांचे चार महिने गेले. रक्कम अडली ती दोन अक्षरांवर.

याहून मोठा घोळ वारसदाराच्या रकान्यात. तो कोरा असतो, किंवा त्यात आधीच वारलेल्या आईचं नाव असतं, किंवा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं नाव असून पालकाचं नाव लिहिलेलं नसतं. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाचे कागद जोडून काम होतं. पण रकाना कोरा असला किंवा ती व्यक्ती हयात नसली तर पैसे कायदेशीर वारसांकडे जातात, आणि इथे माणसं तलाठ्याकडची वारसनोंद घेऊन येतात. ती जमिनीच्या फेरफारासाठी असते. विमा कंपनीला सहसा न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र हवं असतं, आणि आपल्याकडे ते आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय देतं. त्यात वकील, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि महिने. जे हयात आहेत त्यांनी आजच शाखेत जाऊन आपल्या अर्जात वारसदार म्हणून कुणाचं नाव आहे ते विचारावं. खात्याचा वारसदार आणि विम्याचा वारसदार हे दोन वेगळे रकाने आहेत. एक भरला म्हणजे दुसरा भरला असं होत नाही.

सुरक्षा विम्याचे बरेच दावे फेटाळले जातात ते अपघात सिद्ध न झाल्याने. रस्त्यावरचा अपघात, रेल्वे, बुडून मृत्यू, खून, यांत पोलिसांत नोंद हवी: प्रथम खबर किंवा अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. खून धरला जातो, आत्महत्या नाही. (जीवन ज्योतीत आत्महत्येलाही २ लाख आहेत, हे शरमेपोटी कुणी विचारत नाही.) वीज, पूर ही नैसर्गिक आपत्तीही अपघातच. गाडी चालवताना हृदयविकाराचा झटका आला असेल तर ते आजारपण, म्हणून शवविच्छेदनात कारण काय लिहिलंय ते फार महत्त्वाचं ठरतं. व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर ‘मृत्यूचं कारण राखीव’ एवढंच लिहून येतं आणि रासायनिक अहवालाला महिनोन्महिने लागतात. त्यासाठी दावा थांबवून ठेवू नका. आहेत ते कागद आणि ‘अहवाल आल्यावर सादर करतो’ असं पत्र देऊन अर्ज दाखल करून टाका.

सर्पदंश, झाडावरून पडणं, यांसारख्या घटनांत पोलिसांच्या कागदाची सक्ती नाही, पण दवाखान्यातली तातडीची नोंद लागते. इथे मन खचतं. भर पावसाळ्यात भाताच्या खाचरात साप चावलेला एक तरुण. आधी देवळात नेला, मग जीपमधून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तोवर सगळं संपलेलं. केंद्राच्या नोंदवहीत ‘मृतावस्थेत आणले’ एवढेच शब्द, दंशाचा उल्लेख नाही. शवविच्छेदन नको म्हणून घरच्यांनीच हात जोडलेले. साप अख्ख्या वाडीने पाहिला होता, पण वाडीची साक्ष दाव्याला चालली नाही. अशा वेळी डॉक्टरांना दंशाची खूण दाखवून ती नोंदवहीत लिहून घ्यायला सांगणारं एक शांत डोकं सोबत लागतं. मयताची चिरफाड नको वाटणं समजू शकतं, पण तो कागद नंतर कशानेही तयार होत नाही.

अपंगत्वाच्या दाव्याला जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. कडबाकुट्टीत तीन बोटं गेली तर या योजनेत काही मिळत नाही, हात पूर्ण निकामी झालेला असावा लागतो. दवाखान्याचा खर्चही यात नाही. ही योजना तशी नाहीच, पण विकताना कुणी तसं सांगत नाही.

अपघात असेल तर आणखी दोन दारं ठोठावा. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर वेगळा अपघात विमा असतो, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाखांचा, मात्र अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्डाने किमान एक व्यवहार झालेला हवा. कपाटात जपून ठेवलेलं कार्ड इथे कामाचं नाही. आणि शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा अनुदानाचा अर्ज वेगळा, तो बँकेत नाही, तालुका कृषी कार्यालयात.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या. ‘शिक्का साहेबांकडे आहे’ म्हणाले तर साहेब येईपर्यंत बसा. कारण मुदत तिथून मोजली जाते: बँकेने सात दिवसांत दावा कंपनीकडे पाठवायचा, कंपनीने पुढच्या सात दिवसांत निकाली काढायचा. ४३६ पैकी बँकेला या साऱ्या कारभाराचे ११ रुपये मिळतात आणि काही शाखांत काम बरोबर ११ रुपयांचंच होतं. पोच नसेल तर तुमचा अर्ज टेबलाच्या खणात आहे की कंपनीकडे, हे कुणीच सांगणार नाही. शाखा दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (लीड बँकेच्या) व्यवस्थापकाला लेखी द्या.

नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह, आणि तो कुणाचा आहे ते पाहा. हप्ता कापला पण कंपनीला पाठवला नाही, ही बँकेची चूक. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे. कंपनीने दावा नाकारला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. फी नाही आणि वकील चालतच नाही, त्यामुळे ‘मी करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षात तक्रार गेली पाहिजे. उशीर माफ करायचा की नाही हे लोकपालाच्या हातात, त्यावर विसंबू नका.

एक गोष्ट दावा मंजूर होण्याआधीच तपासा. पैसे वारसदाराच्या खात्यात थेट जमा होतात, आणि ते बहुधा सासूबाईंचं किंवा पत्नीचं कधीकाळी उघडलेलं खातं असतं. दोन वर्षं त्यात काही व्यवहार नसेल तर बँक ते निष्क्रिय करते आणि आलेली रक्कम परत जाऊ शकते. दावा दाखल करायच्या दिवशीच त्या खात्याची केवायसी करून शंभर रुपये भरा आणि पासबुकावर ती नोंद छापून घ्या.