यंत्र कुठे अडकतं? थरांच्या यंत्रलोकाची पार्श्वभूमी

विदर्भातलं जुन्या धाटणीचं जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, हा दुमजली यंत्रलोकच असतो. वरच्या ओट्यावर डबल रोलर जिन-यंत्रांची रांग आणि ओट्याखालच्या गाळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लाइनशाफ्ट, म्हणजे फिरता लांब दांडा. शाफ्टवरच्या पुलीवरून पट्टा वर चढतो आणि एकेक जिन फिरवतो. चामड्याचे रोलर रुई ओढून घेतात, रोलरला टेकलेलं स्थिर पातं सरकीला अडवतं, हलतं पातं तिला ठोकून मोकळी करतं आणि ती जाळीतून खाली पडते. वर कापूस टाकणाऱ्या बाईला शाफ्ट दिसत नाही, खाली ग्रीस भरणाऱ्या फिटरला कापूस दिसत नाही. ओला कापूस आला की रुई रोलरला गुंडाळते आणि रोलर तापतो. कापसातून खडा किंवा खिळा आत गेला तर ठिणगी उडते. आणि शाफ्टचं एकच बेअरिंग जाम झालं, तरी वरची अख्खी रांग उभी राहते.

कल्पित साहित्यातल्या यंत्रलोकांकडे या फिटरच्या नजरेनं पाहिलं तर त्यांचा इतिहास वेगळाच दिसतो. चाकं किती मोठी, पुतळे किती चकचकीत, याला फारसं महत्त्व उरत नाही. ही दुनिया बंद कशानं पडते आणि ती दुरुस्त कोण करतं, एवढं ज्या लेखकानं आधी ठरवलं त्याची दुनिया टिकली.

आपल्याकडे या धंद्याचा मूळपुरुष मय दानव. त्यानं तारकासुराच्या तीन मुलांसाठी, म्हणजे तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली यांच्यासाठी, तीन पुरं बांधली. महाभारताच्या कर्णपर्वात त्यांची मांडणी अशी आहे: सोन्याचं पूर स्वर्गात, चांदीचं अंतरिक्षात आणि लोखंडाचं पृथ्वीवर. तिन्ही आपापल्या ठिकाणी फिरती. हजार वर्षांनी एकदा ती एकत्र येतात आणि त्या क्षणी एकाच बाणानं तिघांचा नाश होऊ शकतो. म्हणजे यंत्राचा दोष वरदानातच लिहून ठेवलेला. पण खरी मेख भागवताच्या सातव्या स्कंधात आहे. मेलेले असुर मय अमृतरसाच्या विहिरीत टाकतो आणि ते पुन्हा उभे राहतात. ही त्या दुनियेची दुरुस्तीची जागा. शिवाच्या बाणाआधी विष्णू गाय होतो, ब्रह्मदेव वासरू होतो, आणि दोघं मिळून ती विहीर पिऊन टाकतात. आधी वर्कशॉप बंद, मग कारखान्यावर बाण. हा क्रम ज्यानं रचला त्याला यंत्र कळत होतं.

हाच मय भागवताच्या पाचव्या स्कंधात तलातलात राहतो. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल अशी उतरंड, म्हणजे मय वरून चौथ्या थरात. दोन थरांमध्ये दहा हजार योजनांचं अंतर. तिथे सूर्य पोचत नाही, म्हणून दिवसरात्रीची वाटणी नाही, आणि उजेड मिळतो तो मोठ्या नागांच्या फण्यांवरच्या मण्यांचा. जमिनीखालच्या थरांत उजेड कुठून आणायचा हा प्रश्न आजही नवे लेखक विसरतात. पुराणकारानं त्याची सोय आधी लावून घेतली.

माणसांसारखी यंत्रं पाहायची तर कथासरित्सागराकडे वळावं. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात राणी सूर्यमतीसाठी हा ग्रंथ रचला, गुणाढ्याच्या बृहत्कथेच्या आधारानं. त्यात मयाची मुलगी सोमप्रभा मैत्रिणीला, कलिंगसेनेला, दाखवायला लाकडी बाहुल्यांची पेटी घेऊन येते. खिळी दाबली की एक बाहुली उडत जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते. ‘कळसूत्री’ हा आपला शब्द इथे नीट बसतो. कळ म्हणजे दाबायची खिळी आणि सूत्र म्हणजे ओढायची दोरी. या दोन गोष्टींवरच त्या काळची सगळी यंत्रकल्पना उभी आहे.

पुढे कथानायक नरवाहनदत्त समुद्रकाठच्या एका नगरात पोचतो. तिथे बाजार आहे, गणिका आहेत, नागरिक आहेत, सगळे हलतात-चालतात, पण कुणी बोलत नाही. सगळे लाकडाचे. त्या अख्ख्या नगरात जिवंत माणूस एकच, राज्यधर नावाचा सुतार. तो मूळचा कांचीचा. त्याचा भाऊ प्राणधर यानं हंसांची यांत्रिक जोडी केली होती. दोरीच्या आधारानं ते हंस रात्री खिडकीतून राजाच्या खजिन्यात शिरायचे आणि चोचीत दागिने घेऊन परतायचे. एके रात्री दोरी ढिली पडली आणि त्यावरूनच भावांनी ओळखलं की हंस पकडले गेले. दोघं विमानातून पळाले. ताण गेला म्हणजे पलीकडे काहीतरी बिघडलं, हे विहिरीवरच्या मोटेच्या नाड्यालाही लागू होतं आणि जिनाच्या पट्ट्यालाही. यंत्रमाणसांचं पूर्ण शहर जगाच्या साहित्यात इतक्या लवकर क्वचितच कुणी रंगवलं असेल. त्यातलं न्यूनही लेखकाला ठाऊक आहे: वाचा नाही, आणि मिस्तरी एकच.

त्याच शतकात धारानगरीचा राजा भोज याच्या नावावर असलेला समरांगणसूत्रधार हा ग्रंथ येतो. त्याचा ३१वा अध्याय यंत्रांचा आहे. लाकडी द्वारपाल, नाचणाऱ्या बाहुल्या, पाण्याची यंत्रं हे त्यात आहेच, पण वाचण्यासारखी आहे ती चांगल्या यंत्राच्या गुणांची यादी. सांधे नीट जुळलेले असावेत, पृष्ठ गुळगुळीत असावं, आवाज नसावा, आणि जिथे आवाजच काढायचा आहे तिथे तो भरपूर असावा. गतीत अडखळ नसावी. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम व्हावं. यंत्र फार काळ टिकावं. आणि एकाला एक लागून दोन गुण: अशैथिल्य आणि अगाढता. ढिलं नको, घट्टही नको. रोलरवर स्थिर पात्याचा दाब बसवणाऱ्या फिटरला यापलीकडे काही शिकवावं लागत नाही. दाब कमी झाला तर रुई सरकीसकट सुटते, जास्त झाला तर चामडं तापून झिजतं.

भोज यंत्रांची पूर्ण जुळणी मात्र सांगत नाही. हे अज्ञानामुळे नाही, गुप्ततेसाठी आहे, असं तो स्वच्छ लिहितो. या गुप्ततेची कथा लोकपञ्ञत्ति या पाली ग्रंथात सापडते. रोमदेशात यंत्रकारांकडे ‘भूतवाहन यंत्र’ बनवण्याची विद्या आहे आणि ती देशाबाहेर नेणाऱ्याच्या मागे यंत्रच मारेकरी म्हणून सुटतं. पाटलिपुत्राचा एक माणूस ती विद्या मिळवण्यासाठी तिथे पुनर्जन्म घेतो, शिकतो, आणि आराखडा स्वतःच्या मांडीत शिवून निघतो. तो मारला जातो, पण मुलगा मांडीतून आराखडा काढून पाटलिपुत्राला आणतो, आणि अजातशत्रूनं पुरलेल्या बुद्धाच्या अस्थींवर यंत्रांचा पहारा बसतो. पुढे अशोकाला त्याच पहाऱ्याशी गाठ घालावी लागते. जमिनीखालचं कोठार, यांत्रिक रखवालदार आणि हरवलेला नकाशा: आजच्या कितीतरी खेळांचा सांगाडा इथे तयार आहे.

पश्चिमेकडचा जुना भाग थोडक्यात. ग्रीक पुराणातला क्रीट बेटाचा कांस्यपुरुष टॅलॉस याला एकच शीर, घोट्याशी बंद केलेली. ती उघडली की आतला रस वाहून जातो आणि तो कोसळतो. एकच बूच, एकच गळती. १९०७च्या एका अमेरिकी बालकादंबरीतला तांब्याचा टिकटॉक जास्त मजेचा आहे. त्याला तीन चाव्या द्याव्या लागतात: डाव्या काखेत विचाराची, उजव्या काखेत बोलण्याची, पाठीच्या मध्यावर हालचालीची. त्यामुळे विचार चालू आणि हालचाल बंद, किंवा तोंड चालू आणि विचार संपलेला, असे सगळे बिघाड शक्य होतात. बिघाडाचे प्रकार आधी ठरवले की गोष्टी आपोआप सुचतात, याचं याहून सोपं उदाहरण नाही.

१९०९ साली ई. एम. फॉर्स्टर यांनी जमिनीखालची एक यंत्रनगरी रंगवली. षट्कोनी खोल्या, प्रत्येकीत एक माणूस, हवा-अन्न-संगीत सगळं यंत्र पुरवतं. शेवटी बिघडतं ते दुरुस्तीचंच उपकरण. गाण्यात खरखर येते, हवा कुबट होते, लोक तक्रारी करतात, मग हळूहळू त्याची सवय करून घेतात. हा सवयीचा टप्पा फार अचूक आहे. बेअरिंग एका दिवसात जळत नाही. आधी कित्येक दिवस किरकिरतं आणि ती किरकिर ऐकू येईनाशी होते. १९२१ साली कारेल चापेक यांचं नाटक प्राग इथे रंगमंचावर आलं आणि त्यातून ‘रोबोट’ हा शब्द जगात गेला. त्याच्या मुळाशी चेक भाषेतला ‘रोबोता’ म्हणजे वेठ आहे. आपल्याकडे ‘वेठबिगार’ म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं तेच. या नाटकातले रोबोट धातूचे नाहीत, आणि त्यांचा अंत जवळ येतो तो त्यांना बनवण्याची कृती लिहिलेलं हस्तलिखित जळाल्यामुळे. मांडीत शिवलेला आराखडा इथे चुलीत गेला.

आता खेळांकडे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवून खेळायच्या खेळाच्या विश्वरचनेत कडक नियमांचा एक लोक आहे. आधी त्याचं नाव निर्वाण होतं, जे आपल्या कानाला विचित्रच वाटतं; नंतर मेकॅनस झालं. १९८७च्या ग्रंथात जेफ ग्रब यांनी तो एकमेकांत अडकून फिरणाऱ्या प्रचंड दातेरी चक्रांचा म्हणून वर्णिला. तिथले रहिवासी मोड्रॉन. गॅरी गायगॅक्स यांनी ते १९८३ साली आणले होते. एकाकार, द्विकार असे पाच खालचे वर्ग, त्यांच्यावर नऊ अधिकारी वर्ग आणि सगळ्यांत वर प्रायमस. अधिकाऱ्यांची संख्या वरून खाली वर्गसंख्यांच्या पाढ्यानं वाढत जाते: ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १००. वरचा एखादा नष्ट झाला की खालच्या वर्गातला एक बढती घेतो, त्याच्या जागी त्याच्या खालचा, आणि तळाशी एक नवा एकाकार तयार होतो. जागा कधी रिकामी राहत नाही. सुटे भाग जागच्या जागी.

पण या रचनेतच खोच आहे. प्रत्येक मोड्रॉनला फक्त आपल्या लगतच्या वरच्या वर्गाचं अस्तित्व कळतं. दर २८९ वर्षांनी, म्हणजे १७ गुणिले १७ वर्षांनी, त्यांची मोठी यात्रा निघते. १९९७च्या कथामालेत ती वेळेआधीच निघाली, कारण प्रायमसला मारून त्याच्या जागी भलताच बसला होता. वरून हुकूम आला, खालच्यानं पाळला, त्याच्या खालच्यानंही पाळला. एकाही दात्याला शंका आली नाही. तालुक्याच्या कचेरीतून फिरत आलेला कागद पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातली मिरोडिन ही धातूची दुनिया २००३ साली आली. कार्न या चांदीच्या गोलेमनं, म्हणजे जिवंत पुतळ्यानं, ती घडवली आणि राखणीसाठी मेम्नार्कला ठेवलं. पात्यासारखं धारदार गवत, पाऱ्याचा समुद्र, गंजलेले लोखंडी डोंगर, तांब्याचं जंगल. छोटे मिर यंत्रजीव इकडेतिकडे फिरतात, लेव्हलर नावाची यंत्रं वस्त्या कापत जातात. दुनिया आतून पोकळ, गाभ्यात ऊर्जा, आणि तो गाभा फोडून सूर्य बाहेर पडतात. पाचवा, हिरवा सूर्य २००४च्या संचात उगवला. बिघाडाचं मूळ मात्र एका थेंबात आहे. कार्नच्या अंगातून नकळत फिरेक्सिया या दुष्ट यंत्रलोकाचं काळं तेल तिथे सांडलं. मेम्नार्क त्यानंच बिथरला, आणि २०११पर्यंत ती दुनियाच नवं फिरेक्सिया होऊन बसली. वंगण म्हणूनच जे यंत्रात घालायचं, तोच रोग. जिनात रुईला तेलाचा डाग लागला की गाठीचा भाव पडतो, त्यामुळे ही कल्पना इथे कुणालाही परकी वाटणार नाही.

२०२३च्या संचात या दुनियेचे नऊ थर सविस्तर आले. सगळ्यांत वर दिखाऊ कवच. त्याखाली मिरेक्स, म्हणजे मिरोडिनचा जुना पृष्ठभाग, ज्यावर नवी दुनिया चढवली गेली. मग भट्टीचा थर, शिकारीचं चक्रव्यूह, शस्त्रक्रियेचे कक्ष, सडक्या मळीचे खड्डे, पांढरंशुभ्र मंदिर, धातूच्या बुरशीच्या बागा आणि तळाशी बीजगाभा. जुना पृष्ठभाग दुसऱ्या थरात गाडला जाणं ही यातली सर्वांत चांगली कल्पना आहे. गावातल्या गढीच्या पांढऱ्या मातीत खापरं निघतात, तेव्हा हेच पाहायला मिळतं.

वऱ्हाड-झाडीपट्टीत असा लोक बसवायचा तर नमुना लांब शोधायला नको. वणी-घुग्घुसकडच्या खुल्या कोळसा खाणीत वर काळी माती, खाली वालुकाश्म, त्याखाली कोळसा. बाहेर काढून टाकलेल्या मातीच्या डोंगरात हे थर उलटे होतात: जे वावर सर्वांत वर होतं ते ढिगाऱ्याच्या तळाशी जातं. खाणीच्या तळाला पाणी सतत पाझरतं, म्हणून पंप थांबू देता येत नाही. थांबला की आधी तळचा थर बुडतो. वरच्या थराला दिवसभर काही कळतच नाही. उष्णता वर चढते, धूळ खाली बसते, पाणी सर्वांत खालच्यालाच गाठतं, आणि गोष्टीतल्या यंत्रजीवांच्या जातीही याच हिशेबानं पाडाव्या लागतात: वरच्यांना पंखे आणि जाळ्या, मधल्यांना बंद बेअरिंगं, तळच्यांना उंच पाय. लाइन गेल्यावर डिझेल इंजिनाला पहिलं हँडल मारणारा त्यांतला कोण, आणि त्याला वर कळवण्यासाठी कोणती दोरी ओढायची, एवढं ठरलं की पहिलं प्रकरण लिहायला घेता येतं.