स्लोला न बसणारी रेसची गाडी

कुडाळच्या एका गॅरेजात एक जुनी कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेली) जिप्सी बरेच दिवस उभी आहे. ऑटोक्रॉस शर्यतीला उतरवायची म्हणून मालकाने तिच्या 1300 सीसीच्या इंजिनात शर्यतीचा (रेसचा) कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा-मिटणारा दांडा, टाकून घेतला, आणि तेव्हापासून गाडी स्लोला बसेना. "रेसवर मस्त पळता, स्लोक इली काय मरता," असं मिस्त्रींचं म्हणणं: ॲक्सिलरेटर दाबला की पळते, पाय काढून उभी ठेवली की बंद पडते. भोवती जमलेल्यांची निदानं तयारच होती. कुणी म्हणालं, समुद्राची दमट हवा बाधली. कुणी म्हणालं, कार्ब्युरेटर गेला, नवा टाका. एकाने शर्यतीच्या गाडीला नजर लागते असंही सांगून टाकलं.

दमट हवेचा निकाल आधी लावू. पावसाळ्यात 30 अंश तापमानाला हवा बाष्पाने पूर्ण भरली, तरी तिच्यात बाष्पाचा वाटा साधारण 4 टक्के असतो. तेवढी हवा कमी, म्हणजे तेवढाच ऑक्सिजन कमी. पूर्ण रेस दिल्यावर ताकदीत थोडा फरक पडेल, पण गाडी उभ्या उभ्या मरण्याएवढा नाही. नाहीतर जुलैत वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत एकही गाडी बसस्टँडवर चालू राहिली नसती. खाऱ्या हवेचा खरा त्रास वेगळा आहे. ती अर्थच्या वायरी आणि कनेक्टर गंजवते, त्यामुळे ठिणगी अशक्त होते.

कार्ब्युरेटरकडे वळण्याआधी स्लोला इंजिनाच्या आत काय चाललेलं असतं ते पाहू. चार स्ट्रोकचं चक्र शाळेत झालेलं आहे: आत ओढणं, दाबणं, जळणं, बाहेर टाकणं. निकोलाउस ऑटोने 1876 मध्ये ते चालवून दाखवलं. रेसचा पायडल दाबला की थ्रॉटलची चकती उघडते आणि हवा मोकळेपणी आत येते. पाय काढला की चकती जवळजवळ मिटते. पिस्टन हवा ओढतच राहतात, वाट मात्र चिंचोळी, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे चकतीपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांत, दाब पडतो. समुद्रसपाटीला बाहेर सुमारे 101 किलोपास्कल दाब असतो. धडधाकट साध्या इंजिनात स्लोला मॅनिफोल्डचा दाब 35 च्या आसपास येतो. बाहेरच्यापेक्षा दाब किती कमी ते दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजच्या भाषेत हे 18 ते 20 इंच पारा.

खरी गंमत इथेच आहे. चिंचोळ्या वाटेच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या साधारण 53 टक्क्यांखाली गेला, की वाटेतल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो. वायू छिद्रातून किती वाहील याचं गणित फ्रान्समध्ये सँ-व्हेनाँ आणि वाँत्झेल यांनी 1839 मध्ये मांडलं होतं. दाबातला बदल हवेतून ध्वनीच्याच वेगाने पसरतो. चिंचोळ्या जागी हवाच त्या वेगाने पुढे धावत असेल, तर 'पलीकडे अजून ओढ वाढली आहे' ही खबर उलट वर चढूच शकत नाही. मग पलीकडे कितीही ओढा, सेकंदाला येणारी हवा तेवढीच राहते. दाभोळच्या जेट्टीवरच्या फेरीबोटीसारखं. धोपाव्याचा रस्ता कितीही रिकामा असला तरी बोटीतून एका वेळी मावतील तेवढ्याच गाड्या पलीकडे जाणार.

35 भागिले 101 म्हणजे 0.35. साध्या गाडीचं इंजिन स्लोला असतं तेव्हा थ्रॉटलच्या कडेने हवा ध्वनीच्या वेगाने आत शिरत असते. तुमची गाडी दारात उभी राहून गुरगुरत असते आणि आत हे चाललेलं असतं, ही गोष्ट मला आजही भारी वाटते.

याचा फायदा असा. दर सेकंदाची हवा ठरलेली आहे. काही कारणाने इंजिनाचे मिनिटाचे फेरे 900 वरून 800 वर घसरले, तर तीच हवा कमी चक्रांत वाटली जाते. प्रत्येक सिलिंडरला जास्त घास मिळतो, जोर वाढतो, फेरे पुन्हा वर येतात. फेरे वाढले तर घास आपोआप लहान होतो. कुठलाही सेन्सर नाही, संगणक नाही, तरी इंजिन स्वतःला सावरतं.

आता रेसच्या कॅमकडे. हवा आत घेणारा व्हॉल्व आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व काही काळ एकदम उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. रेसच्या कॅममध्ये हा काळ मुद्दाम वाढवतात. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, फिरण्यात मोजला तर तो 80 अंशही असू शकतो. 7500 फेऱ्यांना इंजिन सेकंदाला 45,000 अंश फिरतं, म्हणून हे 80 अंश दोन मिलिसेकंदांच्या आत संपतात. त्या वेगात बाहेर निघालेला धूर मागून येणाऱ्या ताज्या हवेला ओढून घेतो आणि ताकद वाढते. 900 फेऱ्यांना मात्र तेच 80 अंश 15 मिलिसेकंद टिकतात. एका बाजूला मॅनिफोल्डमधली पोकळी, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टमधला पूर्ण वातावरणाचा दाब आणि मधली दोन्ही दारं सताड उघडी. धूर उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो. शिवाय या कॅमचा आत घेणारा व्हॉल्व उशिरा मिटतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन आलेली थोडी हवाही परत ढकलतो.

परिणामी व्हॅक्यूम 8-9 इंचांवर येतो, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये 70 किलोपास्कलच्या आसपास दाब. 101 शी त्याचं गुणोत्तर 0.7, म्हणजे ध्वनीचा वेग गेला आणि सावरण्याची ती सोयही लुळी पडली. आता फेरे घसरले की मॅनिफोल्डचा दाब वाढतो आणि थ्रॉटलमधून येणारी हवाही कमी होते, ऐन गरजेच्या वेळी. भरीला सिलिंडरमध्ये उरलेला धूर. एखाद्या चक्रात तो इतका असतो की मिश्रण पेटतच नाही. पुढच्या चक्राला न जळलेलं पेट्रोल आणि कमी धूर मिळतो, ते जोरात पेटतं. मग पुन्हा धूर जास्त. रेसच्या गाडीचा तो ढग-ढग आवाज, ज्याचे व्हिडिओ पोरं हौसेने फिरवतात, तो असा तयार होतो. फॉर्म्युला वनच्या 18,000 फेऱ्यांच्या व्ही-8 इंजिनांचा स्लोच 4000 च्या वर असायचा, कारण त्याखाली ती नीट चालतच नसत.

म्हणून पहिलं काम गेज लावण्याचं. कुडाळच्या जिप्सीत काटा 7 वर थरथरत होता. रेस कॅमच्या मानानेही हे कमीच, म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा येत असणार. ढोबळ हिशेब केला तर 1300 सीसीच्या इंजिनाला स्लोला सेकंदाला 2 ग्रॅमच्या आसपास हवा लागते, आणि ध्वनीच्या वेगाने ती यायला साडेतीन मिलिमीटर व्यासाचं छिद्रही पुरतं. तेव्हा जुन्या पाइपला 2 मिलिमीटरची भेग पडली, तर जवळजवळ एक तृतीयांश हवा पेट्रोलशी गाठ न पडता आत येते. पूर्ण रेसला याच इंजिनात सेकंदाला 70 ग्रॅमपर्यंत हवा जाते, तिथे ही भेग कुणाला कळतही नाही. गाडी 'रेसवर मस्त पळता' ती यामुळेच.

मिस्त्रींनी मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर, कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि पाइपांच्या तोंडांवर पाण्याचा बारीक फवारा मारत नेला. स्प्रे क्लीनरही चालतो, पण तो तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर भडका उडेल. मॅनिफोल्डच्या पोकळीवर ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरच्या पाइपला पाणी लागताच आवाज बदलला. पाइप पकडीने दाबला तर काटा थेट 9 वर. रबर आतून कडक होऊन तोंडापाशी चिरलेलं. दुसरी अडचण पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला कमी हवा लागते. शुद्ध पेट्रोलला 14.7 भाग हवा, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) गाडी आधीच पातळ, म्हणजे कमी पेट्रोलच्या मिश्रणावर चालत होती, आणि धूर मिसळलेल्या रेस इंजिनाला तर नेहमीपेक्षा जाड मिश्रण हवं. जेट एक नंबर मोठा घातला.

पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधा, स्लो सुधारतो, असं सांगून ते विकणारे महाभाग आहेत. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो की जळण्यात काडीचाही फरक पडत नाही. त्यापेक्षा लिंबू-मिरची स्वस्त पडते. गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, फक्त त्याआधी पॅकिंग तपासा.

पाइप बदलला तरी 9 इंच ते 9 इंचच. ती कॅमची जात, तिच्याशी भांडण नाही. धुराने मंदावलेलं मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी आधी पडायला हवी. टायमिंग 8 अंशांवरून 16 वर नेलं, तसे फेरे वाढले. तरीही स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारा मिक्श्चर स्क्रू पूर्ण आवळला तर इंजिन बंद पडेना, आणि थ्रॉटलची चकती स्लोला गरजेपेक्षा जास्त उघडी असल्याची हीच खूण. पाय ठेवताच उघडी पडावीत अशी काही बारीक छिद्रं चकतीच्या कडेपाशी असतात. स्लोसाठी चकती जास्त उघडावी लागल्याने ती आधीच उघडी पडली होती. पेट्रोल तिथून येत होतं आणि स्क्रू नावापुरता उरला होता. यावर जुन्या रेसवाल्यांचा उपाय आहे: चकतीलाच दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं. स्लोची हवा त्यातून येते, चकती पुन्हा मिटते, छिद्रं झाकली जातात, स्क्रू शुद्धीवर येतो. मिस्त्रींनी दीड मिलिमीटरचं ड्रिल लावलं. भोक मोठं झालं तर चकती बदलण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून लहानापासून सुरुवात.

गाडी आता 1200 वर बसते. 900 चा हट्ट धरण्यात अर्थ नाही. व्हॅक्यूम कमी म्हणजे ब्रेकला मिळणारी मदतही कमी, पायडल कडक लागणार, हे मालकाला बजावून सांगावं लागलं. आणि हे सेटिंग कुडाळचं आहे. आंबोलीला, 690 मीटरवर, हवेचा दाब जवळपास 8 टक्क्यांनी उतरतो आणि कार्ब्युरेटरचं मिश्रण आपोआप जाड होतं. शर्यत घाटावर असेल तर स्क्रू तिथे पोचल्यावर, इंजिन गरम असताना, पुन्हा फिरवावा लागेल.