प्रोसेसर तापतोय? हीटसिंक उचलण्याआधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात: "कॉम्प्युटर उघडून स्वच्छ केला, आणि तेव्हापासून दहा मिनिटांत बंद पडतोय." मशीन दुकानात आणून उघडलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. धूळ काढायला हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पट्ट्यांचा धातूचा ठोकळा, उचललेला असतो आणि मधल्या जुन्याच पेस्टवर परत बसवलेला असतो.

प्रोसेसरचा वरचा पत्रा आणि हीटसिंकचा तळ दिसायला गुळगुळीत असले, तरी दोन्हींवर बारीक चरे असतात. त्यांत हवा अडकते, आणि हवेतून उष्णता फारच कमी पुढे सरकते. ती हवा हटवून जागा भरून काढणं हेच थर्मल पेस्टचं काम. हीटसिंक उचलला की पेस्टचा थर फाटतो, अर्धा वर जातो, अर्धा खाली राहतो. तोच पुन्हा दाबला की मधे हवा कोंडली जाते. पेस्ट वाळलेली असेल तर तिच्या कणांमुळे हीटसिंक नीट टेकतच नाही. मग पंखा कितीही जोरात फिरला तरी उपयोग नाही. इंटेलचे बरेच कोअर प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की स्वतःचा वेग कमी करतात. एएमडीच्या बऱ्याच रायझन प्रोसेसरमध्ये ही मर्यादा ९० ते ९५ अंश असते. त्यानंतरही तापमान चढत राहिलं तर मशीन बंद होतं. वेग मंदावला म्हणून विंडोज दोनदा टाकून झालेली मशीनंही आमच्याकडे येतात, आणि दोष विंडोजमध्ये नसतोच.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जास्त सांभाळा. या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ बारीक पिना असतात. वाळलेल्या पेस्टने चिकटलेला हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटचा खटका बंद असतानाच त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. भिंगाखाली एकेक पीन सरळ करण्यात आमची दुपार जाते, आणि एखादी तुटली तर बहुधा प्रोसेसरच बदलावा लागतो. काढायचाच असेल तर आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून वायर काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

इंटेलच्या डब्यासोबत येणाऱ्या कूलरला (हीटसिंक आणि पंखा मिळून कूलर) चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी अर्धवट बसली तरी तो कोपरा उचललेला राहतो. समोरासमोरच्या दोन-दोन खुंट्या एकाच वेळी दाबा, प्रत्येकीचा टक् असा आवाज यायला हवा. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. काच पुसायचा स्प्रे नको. नवी पेस्ट मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरते. जास्त थापल्याने जास्त गार होत नाही.

आमचं मत विचाराल तर घरच्या साफसफाईत हीटसिंकला हातच लावू नका. वरून पंख्याची पाती स्वच्छ दिसतात, पण पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्या मधे धुळीचा जाड थर साचतो. खरा अडथळा तो असतो, आणि तो हीटसिंक न उचलताही निघतो. मेन बंद करा, वायर काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या, पंखा बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. पंखा न धरता ब्लोअर मारला तर तो बेफाम फिरून बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं नको, व्हॅक्यूम क्लीनर आतल्या बोर्डाजवळ नको.

मुंबईत हे जरा वरचेवर करावं लागतं. रस्त्याची आणि बांधकामांची धूळ आहेच, त्यात पावसाळ्याची दमट हवा. वन रूम किचनमध्ये फोडणीचा धूर थेट पंख्यापर्यंत पोचतो आणि धूळ ओशट होऊन पट्ट्यांना चिकटते. अशी धूळ ब्लोअरने निघत नाही, ती आमच्याकडे आणा. गणपतीत मखरासाठी जागा करताना कॅबिनेट कोपऱ्यात सारलं जातं आणि तसंच राहतं. मागची जाळी भिंतीपासून निदान वीतभर दूर असू द्या. टेबलाच्या बंद कप्प्यात मशीन ठेवू नका. कूलर खोलीपेक्षा गार करू शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात आकडे थोडे चढलेले दिसले तर घाबरू नका. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) किंवा एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाहा.

"बाजूचा पंधरा मिनिटांत करून देतो, तुम्ही संध्याकाळपर्यंत का ठेवता?" हा प्रश्न नेहमीचा. पेस्ट लावायला वेळ लागत नाही. पण त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण लोड देऊन आम्ही मशीन तासभर चालवतो आणि आधीचं व नंतरचं तापमान बिलावर लिहून देतो. तो कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी फरक लगेच कळतो. पेस्टचे पैसे वेगळे लावतो, कारण ती नळी तुमच्यासमोर उघडतो आणि उरलेली तुम्हालाच देतो.

लिक्विड कूलर, म्हणजे नळ्यांतून द्रव फिरवून गार करणारा, हवा का, असंही विचारतात. बिलं, अभ्यास, ऑनलाइन क्लास एवढंच काम असेल तर नको. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग तासन्‌तास चालत असेल तर १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर, म्हणजे उंच हीटसिंकला बाजूने पंखा लावलेला, बहुतेकांना पुरतो. तुमच्या कॅबिनेटची रुंदी मोजून बसेल तोच आम्ही सुचवतो.

टॉवर कूलर असलेलं मशीन टॅक्सीने आणताना कॅबिनेट आडवं ठेवा, उघडणारी बाजू वर. उभं ठेवलं तर खड्ड्यांतल्या धक्क्यांनी कूलरचं वजन मदरबोर्डला ओढतं. आणि शक्यतो दसऱ्याच्या आधी या. नंतरच्या गर्दीत त्याच दिवशी परत देणं आम्हाला जमत नाही.