गोल्फमधला डाव: एकेका होलच्या आखणीमागचा इतिहास

7 ऑगस्ट 2021 च्या पहाटे आमच्या घरात पहिल्यांदाच गोल्फ लागलं. टोकियो ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. ती 15 अंडर पारवर, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा 15 कमी मारून, चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. शेजारचे काका आमच्याबरोबर बघत बसले होते. उभी हयात तालमीत आणि खासबागेच्या हौद्याभोवती गेलेला माणूस. मधेच म्हणाले, "पोरगी बाकीच्यांपेक्षा आखूड मारतीया, मग पुढं कशी हाय?"

प्रश्न नेमका होता. ग्रीनवरचं, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, तिचं पटिंग (चेंडू घरंगळत खड्ड्यात घालणं) अफलातून होतं, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की गोल्फमध्ये चेंडू किती लांब गेला यापेक्षा तो कुठं थांबला याला जास्त किंमत असते. पुढचा फटका कुठून सोपा पडेल ते आधी ठरवायचं आणि तिथून उलटं मोजत पहिला फटका निवडायचा. खेळाडू ही रीत शिकले, त्याला काही शतकं लागली.

सुरुवातीला मैदान कुणी आखलेलंच नव्हतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे आणि काटेरी झुडपं होती. त्यातून वाट काढत लोक खेळायचे. हा नाद इतका वाढला, की 1457 मध्ये तिथल्या संसदेनं तिरंदाजीच्या सरावाकडं दुर्लक्ष होतंय म्हणून गोल्फवर बंदी घातली. लेखी नियम आले 1744 मध्ये, एडिंबरोजवळच्या लीथला, फक्त 13. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा. असे 18 होल, हा आकडाही कुणी विचारपूर्वक ठरवलेला नाही. सेंट अँड्र्यूजला त्याच वाटेनं जाऊन-येऊन 22 होल व्हायचे. 1764 मध्ये सुरुवातीच्या चार आखूड होलचे दोन केले, आणि जाताना दोन, येताना दोन कमी होऊन 18 उरले.

त्या काळी एकास एक सामना चाले, जास्त होल जिंकेल तो विजेता. एका होलवर चार फटके जास्त लागले तरी तोटा एकाच होलचा. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर समोरच्या पैलवानाकडं बघून डाव टाकायचा. तो झुडपात अडकला तर आपण सावध, तो पुढं असेल तर आपण धोका पत्करायचा. सगळे फटके मोजून विजेता ठरवायची पद्धत सेंट अँड्र्यूजला 1759 पासून नोंदलेली आहे, आणि 1860 मध्ये प्रेस्टविकला पहिली ओपन स्पर्धा याच हिशोबानं झाली. माझ्या मते डावपेचांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल हाच. आता एका होलवरची चूक पुढच्या होलवर पुसली जात नाही, ती शेवटपर्यंत बेरजेत राहते. प्रतिस्पर्ध्याच्या जागी मैदानच समोर उभं राहिलं.

चेंडूही बदलत गेला. आधी चामड्यात पिसं ठासून केलेला महाग, पाण्यानं फुगणारा चेंडू होता. 1848 च्या सुमारास गटापर्चा झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला आणि खेळणारे वाढले. सेंट अँड्र्यूजच्या अरुंद वाटेवर जाणारे-येणारे एकमेकांत घुसू लागले, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झुडपं तोडून फेअरवे (ग्रीनकडं नेणारी कापलेल्या गवताची वाट) रुंद केला आणि एका ग्रीनवर दोन-दोन होलचे खड्डे ठेवले. रुंदी आली तशी निवडही आली. एका बाजूनं सुरक्षित पण पुढचा कोन वाईट, दुसऱ्या बाजूनं बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेनं पण ग्रीन मोकळं.

हे सगळ्यांना लगेच उमगलं नाही. इंग्लंडमधल्या अनेक नव्या मैदानांवर फेअरवेला आडवे बंकर खणले गेले. उडवता आला तर ठीक, नाही तर शिक्षा. त्यात नवखाच भरडला जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्याच वोकिंग क्लबच्या चौथ्या होलवर स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो यांनी बंकर चक्क फेअरवेच्या मधोमध घातला. उजवीकडं रेल्वेचा रूळ. बंकर आणि रुळाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत चेंडू टाकण्याची हिंमत करणाऱ्याला ग्रीनकडं उत्तम कोन मिळे, डावीकडून जाणाऱ्याला अवघड. क्लबचे सभासद भडकले होते. पण तो खड्डा शिक्षा करत नव्हता, खेळाडूला प्रश्न विचारत होता.

स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकचा 'रेडान' होल आपल्याकडच्या माणसाला तर पटकन कळेल. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला गाजलेल्या बुरुजाचं नाव त्याला आहे. ग्रीन तिरकं, उतार मागच्या डावीकडं, पुढं डाव्या अंगाला खोल बंकर. खड्ड्यात रोवलेल्या झेंड्यावर सरळ हल्ला केला तर बहुधा फसतो. उजवीकडं टाकून उतारावरून चेंडू आत घरंगळू द्यायचा. पन्हाळ्याच्या तीन दरवाजातून आत जाताना वाट वळते आणि सरळ मुसंडी मारता येत नाही, त्याची मला इथं आठवण येते. मैदानं आखणारे चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी हा होल अमेरिकेत लाँग आयलंडवर उतरवला. असेच दुसरे आखणीकार, मूळचे डॉक्टर असलेले अलिस्टर मॅकेन्झी बोअर युद्धात शत्रू जमिनीत कसा लपतो ते पाहून आले होते. कमकुवत खेळाडूलाही वळसा घालून जायची वाट असावी, असा त्यांचा आग्रह. नामवंत खेळाडू बॉबी जोन्स यांच्यासोबत त्यांनी आखलेल्या अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानावर 1934 पासून मास्टर्स स्पर्धा होते.

'पार', म्हणजे चांगल्या खेळाडूला एका होलसाठी लागावेत इतके फटके, हा आकडाही याच काळात पक्का झाला. अमेरिकी गोल्फ संघटनेनं 1911 मध्ये 225 यार्डांपर्यंतच्या होलला तीन फटके, 425 पर्यंत चार, 600 पर्यंत पाच अशी विभागणी केली.

भारतात हा खेळ फार लवकर आला. कोलकात्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. पुण्याचा 1885 चा. नाशिकच्या 'गोल्फ क्लब मैदाना'चं नाव मात्र क्रिकेटमुळंच लोकांच्या तोंडी आहे.

1960 च्या दशकात अमेरिकी खेळाडू जॅक निकलॉस पावलांनी अंतर मोजून वहीत लिहू लागले, आणि नजरेच्या अंदाजाची जागा आकड्यांनी घेतली. मग कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदींवरून प्रत्येक फटक्याची किंमत काढली. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या पीजीए टूरनं ती पद्धत 2011 मध्ये पटिंगसाठी स्वीकारली. पैसा पटिंगनंच मिळतो, ही जुनी समजूत त्यातून हलली. उत्तम आणि सामान्य खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक ग्रीनपर्यंत पोचण्यात असतो, असं आकडे सांगू लागले. अदितीचा तो आठवडा याला अपवाद होता, म्हणून तर मनात राहिला. आता खेळाडू आपले फटके छर्ऱ्यांसारखे किती पसरतात ते मोजतात आणि पाण्याच्या कडेला झेंडा असेल तर ग्रीनच्या मध्यावर नेम धरतात.

2022 पासून टूरवर ग्रीनच्या उतारांची तपशीलवार छापील पुस्तकं वापरायला मनाई आहे. उतारांबद्दल वहीत खेळाडूनं आणि कॅडीनं (त्याची बॅग वाहणाऱ्या मदतनिसानं) स्वतः पाहून, हातानं लिहिलेलंच चालतं.