सिडनी ब्रेनर

सिडनी ब्रेनर (१३ जानेवारी १९२७ – ५ एप्रिल २०१९) हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट. २००२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांच्यासोबत मिळालं, ते एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यावरच्या कामासाठी. खरं तर त्याच्या चाळीस वर्षं आधी त्यांनी जे करून ठेवलं होतं तेवढ्यावरही ते मिळायला हरकत नव्हती.

जन्म जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टनचा. वडील लिथुआनियातून आलेले, बूट-चपला दुरुस्त करायचे, त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पोरगा मात्र शेजारच्या बाईंच्या टेबलावर अंथरलेल्या पेपरांवरून चार वर्षांचा असतानाच वाचायला शिकला. पंधराव्या वर्षी विटवॉटर्सरँड विद्यापीठात मेडिकलला गेले, पण कोर्स संपेल तेव्हा डॉक्टरकी करायचं वयच झालेलं नसेल म्हणून मध्येच सायन्सची डिग्री करायला मिळाली, आणि लॅबची गोडी जी लागली ती कायमचीच. १९५१ मध्ये मेडिकलची डिग्रीही घेतली, नंतर ऑक्सफर्डला पीएचडी. तिथे असताना एप्रिल १९५३ मध्ये काही जण गाडी काढून केंब्रिजला जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक या शास्त्रज्ञांनी बनवलेलं डीएनएचं मॉडेल बघायला गेले, त्यात हे होते. १९५६ च्या शेवटी ते केंब्रिजलाच आले आणि पुढची वीसेक वर्षं क्रिक आणि ते एकाच खोलीत बसायचे.

१९६१ हे वर्ष जबरदस्त. डीएनए मधली माहिती प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमपर्यंत पोचते कशी, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. फ्रान्स्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेलसन यांच्याबरोबर अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत प्रयोग चालला होता, पण रायबोसोम सारखे फुटत होते, सगळे वैतागलेले, आणि समुद्रकिनाऱ्यावर बसलेले असताना ब्रेनर एकदम उठून ओरडले की मॅग्नेशियम कमी पडतंय! भरपूर मॅग्नेशियम घातलं आणि जमलं: बॅक्टेरियात शिरलेल्या व्हायरसचा नवा आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू) बॅक्टेरियाच्या जुन्याच रायबोसोमवर जाऊन बसतो हे दिसलं, म्हणजेच डीएनएचा निरोप रायबोसोमपर्यंत नेणारा मेसेंजर आरएनए सापडला. त्याच वर्षी क्रिक आणि इतरांबरोबरच्या पेपरात जनुकांची भाषा तीन-तीन अक्षरांची (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या घटकांची) आहे हे दाखवलं. युक्ती साधी होती, जनुकात एक अक्षर जास्त घुसलं की काम बिघडतं, दोन घुसली तरी बिघडतं, तीन घुसली की गाडी परत रुळावर. या तीन अक्षरांच्या गटाला कोडॉन हे नावही त्यांचंच.

एवढं झाल्यावर कुणीही तिथेच आयुष्य काढलं असतं. ब्रेनरना मात्र वाटलं की यातले मुख्य प्रश्न आता सुटणारच आहेत, मग १९६३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या आपल्या लॅबचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहिलं की शरीर कसं घडतं आणि मज्जासंस्था कशी चालते हे शोधायला एक सोपा प्राणी घेऊ. शेवटी निवडला सीनोरॅब्डायटिस एलिगन्स, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो मिलिमीटरभर किडा: पारदर्शक, बॅक्टेरिया खाऊन प्लेटमध्ये वाढणारा, तीन-साडेतीन दिवसांत नवी पिढी देणारा, आणि बहुतेक किडे उभयलिंगी असल्यामुळे एकच किडा ठेवला तरी वंश चालू. माझ्या मते त्यांची खरी हुशारी ही, उत्तरापेक्षा प्राणी नीट निवडण्यात. पण धीर लागला, किड्याच्या जनुकशास्त्रावरचा त्यांचा मुख्य पेपर आला थेट १९७४ मध्ये.

पुढे सल्स्टननी मायक्रोस्कोपखाली एकेका पेशीचा वंश मांडला. उभयलिंगी किड्यात १०९० पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी स्वतःहून मरतात आणि ९५९ उरतात, दर वेळी त्याच! हॉर्विट्झनी या ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूची जनुकं शोधली, आणि तशीच जनुकं माणसातही निघाली, म्हणून कॅन्सरवाल्यांनाही या किड्यात रस. १९८६ मध्ये त्याच्या ३०२ मज्जापेशींचं पूर्ण वायरिंग छापून आलं, आणि १९९८ मध्ये पूर्ण जीनोम (सगळा डीएनए) वाचलेला पहिला बहुपेशीय प्राणीही हाच ठरला.

१९७९ ते १९८६ ब्रेनर केंब्रिजच्या त्या लॅबचे संचालक होते. नंतर त्यांनी विषारी फुगू माशाचा जीनोम हाती घेतला, कारण तो माणसाच्या साधारण एक अष्टमांश आहे पण जनुकं जवळपास तेवढीच. सिंगापूरमध्ये बायोलॉजीचं संशोधन उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता, शेवटची वर्षं तिथेच गेली आणि निधनही तिथेच झालं.