डेंग्यूची तपासणी: कोणती, कधी आणि रिपोर्टमध्ये काय बघायचं

जुलै ते नोव्हेंबर आमच्या लॅबच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "प्लेटलेट किती आल्या?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच.

अचानक चढलेला १०२-१०४ ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे-कंबर धरणं, मळमळ, अंगावर लालसर पुरळ. अशी लक्षणं असली तर आधी डॉक्टरांना दाखवा. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते लिहून ठेवा, रक्त घेताना आम्ही तेच विचारतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी) तपासणी उपयोगाची, त्यानंतर आयजीएम (त्या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). सहाव्या-सातव्या दिवशी एनएस-वन निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असं धरून चालू नका. झटपट होणाऱ्या कार्ड टेस्टपेक्षा एलायझा, म्हणजे लॅबमध्ये यंत्रावर होणारी तपासणी, अधिक भरवशाची. सरकारी दवाखान्यांत वापरायचे आयजीएम एलायझा किट आपल्या पुण्यातल्याच एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तयार होतात.

आता रिपोर्ट. प्लेटलेटच्या ओळीबरोबर 'पीसीव्ही' किंवा 'एचसीटी'ची (रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती, त्याची) ओळही बघा. प्लेटलेट उतरतायत आणि हा आकडा चढतोय, म्हणजे रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत असण्याची शक्यता असते. खरा धोका तिथे आहे. रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना होतं. घरचे म्हणतात, "ताप गेला, उद्यापासून ऑफिस." नको! पुढचे एक-दोन दिवस जपायचे. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, ग्लानी किंवा चार-सहा तास लघवीच न होणं, यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंग दुखतंय म्हणून मनाने आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज विचारणा होते. त्याच्या भरवशावर सलाईन किंवा अ‍ॅडमिट होणं लांबवू नका, एवढंच आमचं म्हणणं. ताक, पेज, शहाळं, ओआरएस थोडं थोडं देत राहा. मधुमेह, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर काय आणि किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी भरून ठेवलेलं पिंप, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

डेंग्यूचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आम्हाला महापालिकेला कळवावा लागतो. कर्मचारी पाहणीला आले तर दारातून परत पाठवू नका, गच्चीची किल्लीही हाताशी ठेवा.

चालवत नसेल तर रक्त घ्यायला आम्ही घरी येतो.