ओट्सने शुगर वाढतच नाही?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय, "नाश्त्याला ओट्स कितीही खा, शुगर वाढत नाही." असं नाहीये. ओट्समधलं बीटा-ग्लुकन नावाचं फायबर पाण्यात चिकट होतं, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते, पण उतरते तर नक्कीच, कारण १०० ग्रॅम ओट्समध्ये साधारण ६० ग्रॅमच्यावर कार्ब्स (ज्यांची पचल्यावर साखर होते) असतात आणि फायबर जेमतेम १०. इन्स्टंटवाले बारीक केलेले, ते लवकर पचतात, जाडे रोल्ड (दाबून चपटे केलेले) त्यापेक्षा बरे. पाकिटामागचा तक्ता वाचा, घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी शुगर मोजा, दुसऱ्या दिवशी पोह्यांनंतर मोजा, फरक दिसेल. पोटासाठी चांगलेच, फक्त एकदम वाटीभर नको, गॅस होतो, हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. आणि शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका प्लीज.